बेसबॉलच्या ट्रिपल-एमधला पोरगा मोठ्या लीगमध्ये कधी येणार, हे आधी कसं ओळखायचं?

मंगळवारपेठ_पहाट
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. अमेरिकेतल्या संध्याकाळच्या मॅचा उन्हाळ्यात आपल्याकडं पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे दुकान उघडायच्या आधी एक पूर्ण बघून होते. मला मोठ्या लीगपेक्षा मायनर लीगच्या, म्हणजे मोठ्या लीगखालच्या संघांतल्या, पोरांचा नाद जास्त. कोण वर येणार हे ताडायचं आणि आला की त्याची पहिली मॅच चुकवायची नाही. पण ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या लगेच खालच्या पायरीवर, होम रनवर होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर) ठोकणारा तिथंच राहतो आणि ज्याची कुठं चर्चा नाही असा कुणीतरी दुसऱ्या दिवशी मोठ्या संघात दिसतो. आकडे सोडून अजून काय बघायचं?

खासबागकर
भावा, आकडे नंतर, आधी 40 जणांची यादी उघड. मोठ्या लीगमध्ये उतरायचं तर क्लबच्या त्या यादीत नाव लागतंच; त्यातले 26 प्रत्यक्ष संघात असतात. यादी भरलेली असली तर नव्यासाठी कुणाला तरी काढावं लागतं, आणि काढलेला दुसरा क्लब उचलून नेऊ शकतो. त्यामुळं आठवडाभरापुरती गरज असली की यादीत आधीपासून असलेला आणि ऑप्शन शिल्लक असलेला, म्हणजे परत खाली धाडता येईल असा, खेळाडू बोलावतात. तुला दिसणारा अनोळखी बहुतेक वेळा हाच.

मग दिवस मोज. मोठ्या लीगमध्ये 172 दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू हव्या त्या क्लबकडं जायला मोकळा. 2015 मध्ये क्रिस ब्रायंटनं हंगामाआधीच्या सराव सामन्यांत 9 होम रन मारले होते. तरी त्याच्या क्लबनं, शिकागो कब्सनी, त्याला खाली ठेवलं आणि 17 एप्रिलला वर आणलं. त्याचे दिवस भरले 171. त्या वर्षीचा मोठ्या लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला, पण मोकळं व्हायला एक हंगाम जास्त थांबला. मला हे आजही पटत नाही. खेळाडूच्या उमेदीची वर्षं किती थोडी असतात!

खेळाडू आणि क्लबांच्या 2022 च्या करारानं यात फरक पडला. नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते. पॉल स्कीन्स 11 मे 2024 ला पायरेट्सकडून पहिल्यांदा उतरला, पुरस्कार जिंकला आणि त्याचं वर्ष पूर्ण धरलं गेलं. नावाजलेल्या पोराला सुरुवातीपासून खेळवलं आणि त्यानं पुरस्कार मिळवला तर क्लबलाही ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एक जादा निवड मिळू शकते; ज्युलिओ रॉड्रिगेझमुळं मरिनर्सना ती मिळाली. म्हणून आता हंगाम सुरू होताना, मार्चमध्येच, डोळे उघडे ठेव.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जागा. आपल्या पेठेच्या फुटबॉल संघात फॉरवर्डचा गुडघा गेला की बाकावरचा पोरगा शाहू स्टेडियमवर उतरतो, तसंच हे. पॅड्रेसनी डिसेंबर 2023 मध्ये हुआन सोटो आणि ट्रेंट ग्रिशमला यांकीजकडं दिलं, आउटफिल्ड, म्हणजे मैदानाची बाहेरची बाजू, रिकामं झालं. जॅक्सन मेरिल शॉर्टस्टॉप, म्हणजे आतल्या बाजूचा क्षेत्ररक्षक, होता, ट्रिपल-एचं तोंडही बघितलं नव्हतं. त्याला सेंटर फिल्डला उभं केलं आणि मार्च 2024 मध्ये सेऊलच्या पहिल्याच मॅचला उतरवलं. विसाव्या वर्षी! त्या वर्षी स्कीन्सच्या मागोमाग मतं त्यालाच पडली. पोराला नवीन जागी खेळवायला लागले की समज, क्लबच्या मनात काहीतरी शिजतंय.

राजारामपुरीची_पिचर
दादांशी सहमत, पण आकडे वाचायचीही एक पद्धत आहे. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमधलं अल्बुकर्की दीड हजार मीटरपेक्षा उंचावर आहे, आपलं कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल कमी वळतो. मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल टाकलाय, त्यामुळं अशा मैदानावरच्या पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) मला फार कणव येते. तिथल्या होम रनपेक्षा वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट मिळणारी पहिली बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) बघा. आणि वर आला म्हणजे टिकला असंही नाही. ओरिओल्स क्लबचा जॅक्सन हॉलिडे एप्रिल 2024 मध्ये आला, 34 वेळा बॅटिंग करून 2 हिट, परत खाली. जुलैअखेर पुन्हा बोलावलं त्याच दिवशी पहिला होम रन मारला, तोही ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर खेळाडू असताना.

मंगळवारपेठ_पहाट
दादा, ताई, मनापासून आभार. आज रात्रीच सगळ्या क्लबांच्या 40 च्या याद्या उतरवून घेतो. सप्टेंबरचं कसं असतं?

खासबागकर
पूर्वी सप्टेंबरात सगळे 40 खेळवता यायचे. 2020 पासून फक्त 28, म्हणजे दोनच जादा. पण त्याआधी ऑगस्टचा मध्य सांभाळ. 45 दिवसांपेक्षा जास्त संघात राहिला की पुढच्या वर्षी तो नवोदित धरला जात नाही, म्हणजे क्लबची ती जादा निवडही हुकते. म्हणून ज्याच्यावर पुढच्या हंगामाची मदार आहे असा पोरगा बऱ्याचदा पंधरा ऑगस्टनंतरच येतो. ट्रिपल-एच्या मॅचा मंगळवार ते रविवार असतात. मधल्या इनिंगमध्ये धडधाकट पोराला बाहेर काढलं आणि डगआउटमध्ये (संघाच्या बसायच्या जागेत) सगळे त्याला मिठ्या मारायला लागले, तर दुसऱ्या पहाटेचा गजर लावून ठेव.