मेसोपोटेमियन मुद्रांवरचे देव ओळखायचे कसे?

चिकणमाती (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मेसोपोटेमियातल्या दंडगोल मुद्रांचे फोटो संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर हवे तेवढे मिळतात, पण त्यावर नेमका कोण देव आहे हे ठरवताना गाडी अडते. सुमेरी-अक्कदी जोड्या, म्हणजे एकाच देवाची दोन भाषांतली नावं, पाठ आहेत: इनान्ना-इश्तार (प्रेम-युद्धाची देवी), उतू-शमाश (सूर्य), एन्की-एआ (गोडं पाणी), नन्ना-सीन (चंद्र), इश्कुर-अदाद (वादळ). कथाही वाचल्या आहेत. पण चित्र समोर आलं की सगळे दाढीवाले एकसारखेच वाटतात.

चित्रात आधी काय बघायचं आणि नंतर काय? मुद्रेवरच्या लेखात देवाचं नाव असेल, तर चित्रातला देव तोच समजायचा का? आणि एक ठरावीक उदाहरण: जुन्या बॅबिलोनियन काळातली (साधारण इ.स.पू. २०००–१६००) एक मुद्रा आहे. डावीकडे शिंगांचा मुकुट आणि थराथरांचा झालरीचा झगा घातलेली देवी, दोन्ही हात चेहऱ्यासमोर उचललेले. तिच्यासमोर बैलावर पाय ठेवून उभा असलेला देव, हातात दोन फाट्यांचं काहीतरी. नोंदीत "मध्यस्थ देवी आणि वादळाचा देव" एवढंच लिहिलंय. ती इश्तार का नाही?

कीलाक्षर

सर्वात आधी फोटो कशाचा आहे ते बघा, मुद्रेचा की ठशाचा. मुद्रा उलटी कोरलेली असते, खरं चित्र ओल्या मातीवर उमटतं ते. मुद्रेच्याच फोटोवरून डावं-उजवं ठरवलंत की कोण कोणाकडे तोंड करून आहे हेच उलटं होतं. दुसरं म्हणजे संग्रहालयं ठसा घेताना मुद्रा बहुतेक वेळा एका फेऱ्यापेक्षा थोडी जास्त फिरवतात, त्यामुळे तोच देव फोटोच्या दोन्ही टोकांना दिसतो. त्याला दोन देव मोजू नका. चित्र कुठे पुन्हा सुरू होतं ती जागा शोधा, तिथे पेन्सिलीने रेघ मारा, मगच माणसं मोजा.

मग डोकं. शिंगांचा मुकुट असेल तर देव-देवता. नुसती गोल टोपी किंवा उघडं डोकं असेल तर राजा किंवा भक्त. अक्कदी काळापासून (साधारण इ.स.पू. २३३४–२१५४) या मुकुटाला शिंगांच्या एकावर एक अनेक जोड्या दिसू लागतात. थोरल्या देवांना त्या जास्त आणि दुय्यम देवांना कमी, असं बऱ्याचदा असतं, पण एवढ्या छोट्या कोरीवकामात शिंगं मोजून दर्जा ठरवायला जाऊ नका.

त्यानंतर खांदे, बहुतेक उत्तरं तिथेच मिळतात. खांद्यांतून किरणं निघत असतील तर शमाश. पाण्याचे प्रवाह आणि त्यात पोहणारे मासे असतील तर एआ. गदा, कुऱ्हाडी अशी शस्त्रं निघत असतील तर इश्तार. शिंगं असलेले साप निघत असतील तर पाताळाशी जोडलेला देव निनगिशझिदा. पुढे पाय: पायाखाली डोंगर असेल तर बहुधा शमाश, सिंह असेल तर इश्तार, बैल असेल तर अदाद. मग हातातली वस्तू आणि सर्वात शेवटी आकाशातली चिन्हं. आकाशातली चंद्रकोर, तारा ही खूपदा रिकामी जागा भरायला कोरलेली असतात. तारा दिसला म्हणून खालची बाई इश्तार, असं होत नाही.

सरावासाठी ब्रिटिश म्युझियममधली अद्दा नावाच्या लेखनिकाची मुद्रा घ्या. हिरवट दगडाची, जेमतेम ३.९ सेंमी उंच, साधारण इ.स.पू. २३०० ची. मधोमध तळाशी दोन डोंगरांच्या फटीतून शमाश वर येतोय, खांद्यांतून किरणं, हातात दातेरी पातं. त्या करवतीनेच तो डोंगर कापून पहाटे बाहेर पडतो. त्याच्या डावीकडे पंख असलेली, समोर तोंड केलेली इश्तार, खांद्यांमागून शस्त्रं आलेली आणि हातात खजुराचा घोस. उजवीकडे एआ, खांद्यांतून पाणी आणि मासे. त्याच्या मागे दोन तोंडांचा, हात उचललेला उस्मू, म्हणजे एआचा कारभारी. आता अगदी डावीकडचा धनुष्यवाला बघा. शिंगांचा मुकुट आहे, जवळ सिंह आहे, पण खात्री पटेल असं एकही चिन्ह नाही. म्हणून त्याला अभ्यासक "शिकारी देव" एवढंच म्हणतात. खुणा अपुऱ्या असतील तर नाव न देणं हेच बरोबर.

तुमच्या मुद्रेतली देवी म्हणजे लामा. दोन्ही हात उचललेले, झालरीचा झगा, शस्त्र नाही, वाहन नाही. भक्ताची बाजू थोरल्या देवापुढे मांडणं हे तिचं काम. ती जुन्या बॅबिलोनियन मुद्रांवर इतक्या वेळा येते की झालरीचा झगा आणि वर केलेले हात दिसले की आधी तिचंच नाव मनात आणावं. त्या काळातली योद्धी इश्तार प्रेक्षकाकडे तोंड करून उभी असते, एक पाय झग्याबाहेर काढून सिंहावर ठेवलेला, हातात शस्त्र. समोरचा बैलवाला अदाद, आणि दोन फाट्यांचं ते म्हणजे वीज.

बोरू

लेखाबद्दल सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. लेखातल्या देवाचा आणि चित्रातल्या देवाचा संबंध असेलच असं नाही. जुन्या बॅबिलोनियन मुद्रांवर साचा ठरलेला असतो: अमुक, तमुकचा मुलगा, अमक्या देवाचा सेवक. हा देव मालकाचा, म्हणजे त्याच्या घराण्याचा किंवा नेमाचा. चित्र मात्र कारागिराकडे तयार असलेल्या नमुन्यांतून घेतलेलं असू शकतं. सिप्पारकडच्या कित्येक मुद्रांवर फक्त "शमाश, आया" एवढीच दोन नावं आहेत. आया ही शमाशची पत्नी. आणि चित्रात लामा आणि गदा धरलेला राजा! लेखावरून चित्राला नाव द्यायला गेलात तर राजाचा शमाश होईल.

देवाच्या नावाआधी ताऱ्यासारखं एक चिन्ह येतं, सुमेरीत दिनगिर. लिपी येत नसली तरी ते ओळखायला शिका, निम्मं काम होतं. पण उर शहराच्या तिसऱ्या राजवंशात, म्हणजे इ.स.पू. २११२ ते २००४ च्या सुमारास, शुल्गीसारख्या राजांच्या नावाआधीही हेच चिन्ह लागतं, कारण त्यांनी स्वतःला देव जाहीर केलं होतं. त्या काळच्या दर्शनाच्या दृश्यात बघा: लामा भक्ताचा हात धरून त्याला बसलेल्या व्यक्तीपुढे नेते. बसलेल्याच्या डोक्यावर शिंगं नसून गोल टोपी असेल आणि हातात पेला असेल तर तो राजा आहे, देव नाही.

पुढच्या काळात देवांची नावं आकड्यांतही लिहीत: आकाशदेव अनू ६०, देवांचा अधिपती एनलिल ५०, एआ ४०, सीन ३०, शमाश २०, इश्तार १५. सीनचा ३० हा महिन्याच्या दिवसांवरून. नोंदीतल्या लिप्यंतरात माणसाच्या नावात मध्येच ३० दिसला तर तो छापखान्याचा घोटाळा नाही, तिथे "सीन" वाचायचं.

उरुकची वाट

कीलाक्षर यांनी दिलेला क्रम चांगला आहे, पण त्याच्या आधी काळ ठरवायला हवा. चिन्हं एका देवाकडून दुसऱ्याकडे जातात. सर्वात ठळक उदाहरण मुशखुश्शू या काल्पनिक प्राण्याचं: सापाचं डोकं, शिंगं, खवल्यांचं अंग, पुढचे पाय सिंहाचे आणि मागचे गरुडाचे. बॅबिलोनच्या इश्तार दरवाजावर दुसऱ्या नेबुखद्रेझरने (इ.स.पू. ६०५–५६२) तो बैलांसोबत ओळींनी लावला. तिथे तो बॅबिलोनचा मुख्य देव मार्दुक याचा आणि बैल अदादचा. इश्तारचे सिंह मिरवणुकीच्या रस्त्याच्या भिंतींवर आहेत. पण हाच प्राणी आधी एश्नुन्ना शहराच्या तिश्पाक देवाचा होता. बॅबिलोनचा राजा हम्मुराबीने एश्नुन्ना जिंकल्यावर तो मार्दुककडे आला. इ.स.पू. ६८९ मध्ये असिरियाचा राजा सेन्नाकेरिबने बॅबिलोन उद्ध्वस्त केल्यानंतर असिरियात तो अश्शुर देवासोबत दिसतो. त्यामुळे अक्कदी मुद्रेवर मुशखुश्शू बघून मार्दुक म्हणणं चूकच.

काळाचा अंदाज वस्तूवरून बांधता येतो. अक्कदी मुद्रा बऱ्याचदा मध्ये किंचित आत गेलेल्या, आकृत्या ठसठशीत आणि मोकळ्या. काळा चकचकीत हेमाटाइट आणि लहान आकार दिसला तर जुना बॅबिलोनियन काळ आधी तपासा. ही फक्त सुरुवात, पुरावा नव्हे. जुन्या मुद्रा पुढच्या पिढ्या वापरत, कधी लेख घासून नवा कोरत.

शिंगांच्या मुकुटालाही अपवाद आहेत. लूव्रमधल्या नराम-सीनच्या विजयशिळेवर शिंगांचं शिरस्त्राण खुद्द राजाच्या डोक्यावर आहे. असिरियन राजवाड्यांच्या भिंतींवर बादली आणि शंकूसारखी वस्तू धरलेले पंखवाले पुरुष दिसतात, त्यांच्याही टोपीला शिंगं असतात. ते अपकल्लू, म्हणजे रक्षण करणारे ऋषितुल्य जीव. पूजेतले थोरले देव नव्हेत.

आपल्याकडच्या वाचकांना एक विनंती. आयुध आणि वाहन बघून मूर्ती ओळखायची सवय इथे फार उपयोगी पडते, पण नावं इकडची लावू नका. बैल आणि फाट्यांचं आयुध म्हणजे शिव नाही, सिंहावर पाय म्हणजे दुर्गा नाही. अदाद पावसाचा आणि पुराचा देव आहे, आणि इश्तार युद्धाइतकीच प्रणयाची आणि शुक्राच्या चांदणीची. एकदा इकडचं नाव चिकटलं की या गोष्टी दिसेनाशा होतात.

चिकणमाती

खूप आभार, कोडं सुटलं. आणखी दोन गोष्टी. मुद्रेची राळेतली प्रतिकृती मातीवर फिरवली की वरची कड पुसट उमटते आणि नेमके मुकुटच जातात. काय करावं? आणि ज्यावर प्राचीन काळीच नाव लिहिलंय असं एखादं चित्र आहे का, ताडून बघायला?

कीलाक्षर

वरची कड जाते कारण दाब मधल्या बोटांचा पडतो. बोटांनी फिरवण्याऐवजी मुद्रेवर एक सपाट लाकडी पट्टी आडवी ठेवा आणि ती पुढे ढकलत न्या, म्हणजे दोन्ही कडांवर सारखा भार येतो. मातीची लादी मुद्रेच्या उंचीपेक्षा दोन्ही बाजूंनी एकेक सेंमी रुंद आणि ५-६ मिमी जाड हवी. पातळ लादीत खालचा टेबल लागतो आणि खोल कोरलेले भाग भरत नाहीत. माती फार ओली असेल तर ती मुद्रेला चिकटून चेहरे ओढले जातात. बोट टेकवल्यावर ठसा उमटतो पण माती बोटाला लागत नाही, इतपत सुकू द्या. मुद्रेवर टाल्कम पावडर अगदी हलकी मारा आणि जादाची फुंकून टाका, नाहीतर बारीक शिंगं त्यातच बुजतात. एकाच दिशेने, न थांबता, सव्वा फेरा. मागे-पुढे केलंत की रेषा दुहेरी होतात. फोटो काढताना दिवा डावीकडून, जवळजवळ मातीच्या पातळीवर ठेवा. समोरून फ्लॅश मारला तर खांद्यांतली किरणं दिसतच नाहीत.

बोरू

ताडून बघायला सिप्पारची शमाशची पाटी घ्या. राजा नाबू-अपला-इद्दिनाच्या काळातली, इ.स.पू. नववं शतक, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुरातत्त्वज्ञ हरमुझ्द रस्सामच्या खोदकामात १८८१ साली अबू हब्बा, म्हणजे सिप्पारच्याच जागी, सापडली. शमाश मंडपात बसलेला, हातात कडं आणि दंड. त्याच्याजवळच लेख आहे: सिप्पारच्या एबब्बर मंदिरात राहणाऱ्या थोर शमाशची ही प्रतिमा. त्याच्या डोक्यापाशी तीन चिन्हं आहेत आणि त्यांचीही नावं दिली आहेत: सीन, शमाश, इश्तार.

ही तीन चिन्हं मोठी करून बघाच. सीनची कोर सोपी आहे. शमाशच्या तबकडीत चार टोकं आणि त्यांच्या मधे नागमोडी रेषांचे झुबके. इश्तारच्या ताऱ्याला आठ सरळ टोकं आणि नागमोडी रेषा नाहीत. सूर्य आणि तारा यांची गफलत इथे फिटते.

त्यानंतर कुदुर्रू, म्हणजे जमिनीच्या दानाच्या कोरीव शिळा. लूव्रमधल्या बॅबिलोनच्या मेली-शिपाक राजाच्या शिळेवर चिन्हांच्या ओळीच्या ओळी आहेत, माणसाच्या रूपात देव जवळपास नाहीतच. शिंगांचे दोन मुकुट चौथऱ्यांवर: अनू आणि एनलिल. बकरा-मासा: एआ, आणि आपल्या राशिचक्रातली मकर तिथूनच आली. फावडं मार्दुकचं, बोरू लेखनाचा देव नाबूचा, कुत्रा वैद्यदेवी गुलाचा, दिवा अग्नी-प्रकाशाचा देव नुस्कूचा. सात ठिपक्यांचा पुंजका दिसला तर सेबेत्तू, म्हणजे सात देवांचा गट, आकाशातल्या कृत्तिका. एवढी ओळख झाली की मुद्रांवरच्या मोकळ्या जागेतली चिन्हं आपोआप वाचता येतात. फक्त बोरू आणि फावडं वेगळी पाडताना टोक तपासा: फावड्याचं पातं त्रिकोणी आणि टोक वर, बोरू मात्र अरुंद आणि सरळ, कधी एकच तर कधी जोडीने.