‘आमी’चे मराठीत ‘आम्ही’ करावे की ‘आपण’?

म्हापशाहून: आमच्या देवस्थानच्या सभेत बोलणे कोकणीत होते, इतिवृत्त मात्र मराठीत लिहिले जाते. अध्यक्ष म्हणाले, ‘आमी हो खर्च करपाक जाय.’ मी ‘आपण हा खर्च करायला हवा’ असे लिहिले, तेव्हा एका महाजनांनी, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांपैकी एकाने, हरकत घेतली की अध्यक्षांच्या मनात केवळ समिती होती, बाकीचे महाजन नव्हते. कोकणीत बोलताना मी समितीतला की महाजनांतला, असा प्रश्न मला पडत नाही. मराठीत लिहायला बसलो की आधी स्वतःची जागा ठरवावी लागते. भाषेबरोबर विचारही बदलतो, असे समजावे काय?

फोंड्याहून: कोकणी माणसाला हा भेद कळत नाही असे नव्हे, तो प्रसंगावरून कळतो. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९५९ मध्ये मांडले होते की भाषांतील खरा फरक त्या काय सांगू शकतात यात नसून, काय सांगितल्यावाचून त्यांचे चालत नाही यात असतो. ऐकणारा आत की बाहेर, हे मराठीला सांगावेच लागते. तेव्हा अध्यक्षांनाच विचारावे.

पेडण्याहून: हा भेद द्राविडी शेजाराचा मानतात, तेलुगूतही ‘मेमु’ (आम्ही) आणि ‘मनमु’ (आपण) असे दोन शब्द आहेत. शब्द मात्र आपलाच: ‘आत्मन्’, प्राकृत ‘अप्पण’, मग ‘आपण’. ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दात मराठीने समोरच्यालाही सामावून घेतले, हे मला विलक्षण वाटते. कोकणी ‘आपूण’ अजून मूळ अर्थाला धरून आहे. ‘ताणें म्हळें, आपूण येवचो ना,’ असे आजीने सांगितले, म्हणजे काका स्वतः येणार नव्हते. पुण्याची वहिनी मात्र सगळ्यांचेच जाणे रहित झाले असे समजून साडी बदलायला गेली.

मडगावहून: व्युत्पत्ती राहू द्या. गोव्यातील मुले मराठीतही सर्रास ‘आम्ही जाऊया’ म्हणतात. ते अशुद्ध आहे आणि शाळेत सुधारले पाहिजे.

फोंड्याहून: मुंबईत ‘आपण नाही घाबरत कोणाला’ म्हणणारा ‘आपण’चा अर्थ ‘मी’ करतो, त्याला कोण सुधारणार? घरात कोकणी आणि कीर्तनात, वर्तमानपत्रात मराठी असलेल्या माणसाची मराठी अशीच घडते.

मडगावहून: घडते म्हणून ती इतिवृत्तात चालेल, असे नाही.

पेडण्याहून: आदरार्थी ‘आपण’ तर राहूनच गेला. ‘आपण हा खर्च करावा’ असे लिहिले असते, तर भार कोणावर पडला असता?