शब्दचर्चा : मोजणीतल्या ‘बेअरिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

पाणंद :
वाटणीपत्राचा मसुदा मराठीत लिहायला घेतलाय. जमीन करवीर तालुक्यातली, चौघा भावांत वाटायची. खासगी मोजणीदाराने टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावून केलेला नकाशा हाताशी आहे. त्यात प्रत्येक बाजूवर मीटरमध्ये लांबी आणि तिच्याशेजारी ‘बेअरिंग’ म्हणून ६२°००', १४२°३०' असले आकडे. जुन्या खरेदीखतात यातलं काहीच नाही, नुसती चतु:सीमा. ‘बेअरिंग’ तसंच ठेवलं तर सही करणाऱ्या थोरल्या चुलत्यांना पत्ता लागणार नाही. मग ‘कोन’ लिहू की ‘दिशा’? की तिसरा काही शब्द आहे?

उद्यमनगरकर :
आमच्याकडं बेअरिंग म्हटलं की दुकानदार नंबर विचारतोय, ६२०४ का ६२०५. तुमचा ६२ बघून मला आधी तेच वाटलं. चालू द्या.

शंकूसाखळी :
‘कोन’ अजिबात लिहू नका, वाचणारा हमखास फसणार. शेताच्या कोपऱ्याला कोन म्हणायची आपल्याला सवय आहे, आणि हा आकडा कोपऱ्याचा नाही. कोपऱ्यावर उभं राहायचं, तोंड उत्तरेला करायचं, तिथून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे उजवीकडं १४२ अंश ३० मिनिटं वळायचं. आता नाकासमोर जी रेघ जाते ती तुमची बाजू. म्हणजे हे मोजमाप उत्तरेपासूनचं आहे, शेजारच्या बांधापासूनचं नव्हे.

तुमच्याच आकड्यांवर बघा. शेत उजव्या हाताला ठेवून चालताना ६२ ची बाजू संपली आणि १४२°३०' ची सुरू झाली, असं धरू. ६२ मध्ये १८० मिळवले की तीच बाजू उलटीकडून बघितल्याचा आकडा येतो, २४२. त्यातून १४२°३०' वजा करा, राहतात ९९°३०'. हा कोपऱ्याचा आतला कोन. काटकोनापेक्षा थोडा उघडा, गवंड्याच्या भाषेत ‘गुण्यात नाही’. मसुद्यात ‘१४२ अंशांचा कोन’ असं गेलं, तर उद्या कुणीतरी तो कोपऱ्यातच मोजत बसणार.

माझं मत ‘दिशाकोन’ला. हिंदी पुस्तकात ‘दिक्मान’ असतं, पण ते तुमच्या चुलत्यांना ‘बेअरिंग’इतकंच परकं.

आता जुन्या कागदात हा शब्द का सापडत नाही, तेही सांगतो. त्या मोजणीत कोन मोजतच नव्हते! मुंबई इलाख्यातली मोजणी १८३५ च्या सुमारास इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवली. तिचं सगळं काम साखळी आणि क्रॉस स्टाफवर. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. म्हणजे एक आणा दोन फुटांच्या किंचित वर. शेताच्या मधून एक पाया, म्हणजे सरळ आधाररेघ, धरायचा, त्यावर साखळी टाकत जायचं आणि बांधाचा कोपरा नेमका आडवा आला की तिथून लंब काढायचा. क्रॉस स्टाफला फक्त काटकोन कळतो, बाकी कुठलाही नाही. टिपण (त्या मोजणीचा कागद) उघडलंत तर त्यात पाया, लंब, साखळी, आणे एवढंच दिसेल. शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडले की क्षेत्र निघालं. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा, आणि असे ४० म्हणजे एकर. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू ठरल्या की कोन आपोआप ठरतो, तो वेगळा लिहायचं कारणच नव्हतं.

म्हणून आपल्याकडं बांध, शीव, पाणंद, ताल, ओढा अशा शब्दांची रेलचेल आहे, पण ‘उत्तरेपासून इतके अंश’ याला घरचा शब्द नाही.

रंकाळाकाठ :
‘दिगंश’ तयार शब्द असताना नवा कशाला? आकाशदर्शनवाले रोज वापरतात. उत्तरेपासून पूर्वेकडून फिरत ० ते ३६०. व्याख्या तीच.

शंकूसाखळी :
व्याख्या बहुतेक तीच, पण दिगंशात उत्तर म्हणजे खरी उत्तर, ध्रुवाकडची. मोजणीतला दिशाकोन होकायंत्राच्या उत्तरेपासूनही असतो, नकाशाच्या जाळीच्या उत्तरेपासूनही, आणि कधी कधी तर मोजणीदाराने सोयीसाठी धरलेल्या उत्तरेपासूनही. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर खऱ्या उत्तरेपासून फार हटलेली नाही. तरी एका अंशाची चूक १०० मीटरवर पावणेदोन मीटर सरकते. पावणेदोन मीटर म्हणजे बांधासकट उसाची एक सरी गेली.

पाणंद :
चुलत्यांनी मसुदा ऐकून सरळ विचारलं, “उगवतीची बाजू, मावळतीची बाजू असं लिहायला काय होतंय?” मला ते पटलंय. चतु:सीमेत तेच ठेवलं तर?

रंकाळाकाठ :
चतु:सीमेत खुशाल ठेवा, तिथं शेजारी कोण हे महत्त्वाचं. पण अंशांशेजारी ‘उगवत’ लिहू नका. उगवत-मावळत वर्षभर हलते. कोल्हापूरच्या अक्षांशावर मावळतीचा बिंदू जूनमध्ये खऱ्या पश्चिमेच्या साधारण साडेचोवीस अंश उत्तरेला असतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. दोन टोकांत जवळजवळ ४९ अंशांचं अंतर.

आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवळात मूर्तीपर्यंत पोचतात ते दिवस, हेच दाखवतो. परंपरेने तो ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा दोनदा येतो. दोन्ही वेळा २१-२२ डिसेंबरपासून जवळपास सारख्याच लांब, म्हणून सूर्य मावळायची जागाही तीच, पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला. दिशाकोनात २५२ च्या आसपास. देवळाचं तोंड पश्चिमेला असं आपण सहज म्हणतो, पण २१ मार्चला नेमक्या पश्चिमेला मावळणाऱ्या सूर्याची किरणं काही मूर्तीपर्यंत पोचत नाहीत.

तिकटी :
मी पॉलिटेक्निकला शिकवते. ‘दिशाकोन’ला माझाही कौल, पण आणखी एक भानगड आहे. पुस्तकात दोन पद्धती आहेत. पूर्ण वर्तुळाची, ० ते ३६०, आणि पाव वर्तुळाची, जिथं उत्तर किंवा दक्षिण यातली जवळची धरून ९० पर्यंतच मोजतात. तुमचा १४२°३०' दुसऱ्या पद्धतीत ‘दक्षिणेपासून पूर्वेकडे ३७°३०'’ होतो. इथं ‘दक्षिणेकडून’ लिहू नका, ‘दक्षिणेपासून’च लिहा. ‘दक्षिणेकडून पूर्वेकडे’ वाचलं की माणूस शेतात दक्षिणेच्या बांधावरून चालायला लागतो.

मुलं हमखास चक्रावतात ते होकायंत्राच्या तबकडीवर. प्रिझमवाल्या होकायंत्रात शून्य दक्षिणेच्या टोकाशी कोरलेलं असतं, कारण आकडा वाचायचा तो समोरच्या खुणेच्या उलट, डोळ्याजवळच्या टोकावर. आणि जुन्या सर्व्हेअरच्या होकायंत्रात पूर्व-पश्चिम चक्क अदलाबदल केलेली असते. सुई जागेवर राहते, डबी फिरते, म्हणून. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग यंत्र खराब आहे म्हणून परत घेऊन येतो. वर पत्र्याच्या शेडजवळ उभं राहून वाचलं तर ते खरंच चुकतं.

पाणंद :
१४२°३०' ला ‘१४२.३० अंश’ असं टाइप केलं तर चालेल ना? ती चिन्हं आमच्या टायपिस्टला सापडत नाहीत.

तिकटी :
नाही! ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, १४२.५०. १४२.३० लिहिलंत तर १२ मिनिटं कमी भरली, १०० मीटरवर ३५ सेंटीमीटर. फूटभराच्या वर. आपल्याकडं वीतभर बांधासाठी हद्द कायम मोजणीचे पैसे भरतात लोक. अक्षरांत लिहायला सांगा. ‘कला-विकला’ शुद्ध आहे, पण ती पंचांगात राहू दे. ‘मिनिटे’ सगळ्यांना कळतं.

पाणंद :
मग असं चालेल का? “पूर्वेकडील बाजू : खूण क्रमांक २ पासून खूण क्रमांक ३ पर्यंत, दिशाकोन एकशे बेचाळीस अंश तीस मिनिटे (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेला). सदर बाजूस लागून ओढा.”

शंकूसाखळी :
छान. ‘२ पासून ३ पर्यंत’ हे काढू नका. ३ वरून २ कडं बघितलं तर हाच आकडा ३२२ अंश ३० मिनिटं होतो. फक्त ‘उत्तरेपासून’च्या आधी कुठली उत्तर तो शब्द घाला. नकाशाच्या कोपऱ्यात बाणाजवळ लिहिलेलं असतं. नसेल तर मोजणीदाराला फोन करा आणि त्याच्याकडून लिहूनच घ्या.

उद्यमनगरकर :
आणि ओढा कुठल्या अंगाला हाय तेवढं एकदा जाऊन बघून या. गेल्या पुरात आमचा सरकला.