मदत हवी आहे: नायजेरियातल्या लागोसच्या बुकात (साध्या स्थानिक खानावळीत) शाकाहारी पाहुण्यांना काय खाऊ घालावं?

पुण्याहून चार जण येतायत. मासे, अंडं, मटणाचा रस्सा काहीच चालत नाही; कांदा-लसूण, तिखट चालतं. हॉटेल नको, योरुबा (तिथला एक समाज) पद्धतीचा साधा बुकाच हवा. सुरुलेरे किंवा याबा हे शहरातले भाग सोयीचे.

‘नो मीट’ सांगून भागत नाही. वाढणारी बाई फक्त शाकी-पोन्मोचे (जनावराचं पोट आणि कातडं) तुकडे बाजूला सारते, रस्सा त्याच पातेल्यातला. एगुसी (कलिंगडासारख्या फळाच्या बियांचा रस्सा), एफो रिरो (पालेभाजी) बाद, कारण वाळवलेल्या क्रेफिशची (कोळंबीसारखा प्राणी) पूड आणि बहुतेकदा मटणाचं पाणी. जोलोफ भाताचंही तेच. मोईमोईत (वाफवलेल्या चवळीच्या वाटणात) अंडं किंवा मासा निघतो. आमाला (यामच्या पिठाचा गोळा), एबा (कसाव्याचा गोळा), कुटलेला याम (कंद) यांत अडचण नाही. तळलेलं दोदो (पिकलेली मोठी केळी) चालेल, पण तेल वेगळं आहे का ते विचारावं लागतं. नुसतं तेवढंच कोरडं कसं खाणार?

म्हणून डोळा गबेगिरी (सोललेल्या चवळीचं सार) आणि एवेडूवर (तागाच्या पानांची बुळबुळीत भाजी) आहे. डाळीसारखं पिवळं गबेगिरी आपल्या लोकांना आवडेलच. इरू (आंबवलेला मसाला) चालतो, तो शेंगेच्या बियांचाच. वर ओततात तो लाल ‘ओबे अता’ (मिरचीचा रस्सा) टाळू.

तर प्रश्न असा: गबेगिरी-एवेडूत क्रेफिश शिजतानाच घालतात की कुठे शेवटी? आणि आदल्या दिवशी सांगितलं तर चौघांपुरतं वेगळं पातेलं लावून देणारा बुका कोणाला माहीत आहे का?