दैव आणि प्रयत्न एकाच वेळी खरे असू शकतात का? आपला अनुभव लिहावा

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. दैवाला येथे स्थान आहे, पण ते एकटे नाही. आपल्याकडची चर्चा मात्र ‘सगळे नशीबच’ किंवा ‘सगळे प्रयत्नच’ अशा टोकाला जाऊन थांबते. म्हणून विनंती अशी, की हातात नसलेले आणि हातात असलेले, दोन्ही ज्या एकाच घटनेत आपल्याला स्पष्ट दिसले, ती घटना लिहावी.

निवृत्त शिक्षिका, औसा तालुका

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. माझे वडील त्या रात्री राखणीसाठी शेतात झोपले होते म्हणून वाचले. घरातली आजी आणि धाकटा भाऊ गेले. ‘माझी वेळ आली नव्हती,’ असे वडील अखेरपर्यंत म्हणत, आणि मी त्याला कधी विरोध केला नाही. मात्र आमचे घर कसे होते हे मला विसरता येत नाही : मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. 1992 मध्येही धक्के बसले होते, तेव्हा काही दिवस लोक अंगणात झोपले आणि मग पुन्हा आत गेले. जमीन हलणे कोणाच्या हातात नव्हते; भिंत कशी बांधायची, हे होते. पुढे नवे घर बांधताना वडिलांनी स्वतः उभे राहून कोपऱ्यांतील सळया तपासून घेतल्या. वेळ येते-जाते असे मानणारा माणूस तोच होता, आणि या दोहोंत त्यांना कधीही विसंगती वाटली नाही.

सिकलसेलची वाहक, गडचिरोली

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. माझे पती आणि मी, दोघेही वाहक आहोत, म्हणजे आजाराचा एक दोषी जनुक आमच्यात आहे, पण आजार नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के आणि वाहक होण्याची 50 टक्के असते. लग्नाआधीच्या रक्त तपासणीत हे कळले, तेव्हा पत्रिका जुळली म्हणणारेच लग्न मोडा म्हणू लागले. आम्ही मोडले नाही, पण गर्भाची तपासणी करायचीच, हे तेव्हाच ठरवले. मुलगी वाहक निघाली. तो निकाल आमच्या हातात नव्हता. तो वेळेत जाणून घेणे होते.

व्यसनमुक्त, पुणे

वडिलांनाही दारूचे व्यसन होते, आणि ओढ केव्हा उठावी हे मी आजही ठरवू शकत नाही. 1983 मध्ये बेंजामिन लिबेट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हात हलवण्याची इच्छा जाणवण्यापूर्वीच मेंदूतील तयारी सुरू झालेली दिसली, आणि त्यावरून स्वतंत्र इच्छा हा भ्रम आहे असे अनेकांनी मानले. लिबेट यांचे मत मात्र वेगळे होते : उठलेली इच्छा कृतीत येण्याआधी रोखण्याची मुभा जाणिवेला उरते. प्रयोगशाळेतली हालचाल आणि माझे आयुष्य यांत मोठे अंतर आहे, तरीही हे वर्णन मला अगदी आतून पटते. ओढ येते, आणि मी सोबत दारू सोडलेल्या सहकाऱ्याला फोन करतो. तो फोनही आधीच्या कारणांनीच ठरलेला असतो, असे माझा मित्र म्हणतो. असेलही, पण त्या कारणांत माझा विचार हे एक कारण आहे, आणि तो मी केला नाही तर फोन होत नाही.

ऊसतोड कुटुंबातील पदवीधर, बीड

औशाच्या ताईंनी भिंतीबद्दल जे लिहिले, तेच मला गरिबीबद्दल लिहायचे आहे. ‘आपल्या नशिबी कोयताच,’ असे आजी म्हणायची. या घरात जन्म होणे माझ्या हातात नव्हते, हे खरे. पण तोडणीचा दर आणि मुकादमाची उचल, म्हणजे मजुराला आधी दिलेली आगाऊ रक्कम, माणसांनीच ठरवलेली असते, त्याला दैव म्हणणे मला मान्य नाही. मी नातेवाइकांकडे राहून शिकलो. माझ्या थोरल्या बहिणीला धाकट्या भावंडाला सांभाळायला फडावर जावे लागले. जिद्द तिची माझ्याहून जास्त होती, तिला वाव मिळाला नाही. प्रयत्नाने सर्व साधते असे म्हणणाऱ्यांनी तिच्याशी एकदा बोलावे. यंदा मुलीची शाळा तुटू नये म्हणून तिने उचल घेण्यास नकार दिला आहे. मागचे कर्ज अजून फिटलेले नाही.