तंबाखू सरसकट कापू का खालची पानं आधी काढू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, निपाणीजवळ आमची दीड एकर बिडीची तंबाखू आहे. आजवर सगळं आबा बघायचे, यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळं शेत माझ्याकडं आणि ऐन कापणीला डोकं चालेना झालंय. ऑगस्टमध्ये रोप लावलं, शेंडे खुडून बरेच दिवस झाले, फुटवे दोनदा काढले. खालची-मधली पानं जाड होऊन तांबूस ठिपके पडलेत, पण वरची चार-पाच अजून हिरवीगार, हाताला मऊ लागतायत.

शेजारचे काका म्हणतात बुडातनं झाड काप आणि वावरातच वाळव. मावसभाऊ म्हैसूरकडं हुणसूरला असतो, तो म्हणतो तिकडं दर आठवड्याला खालून पिकतील तशी दोन-तीन पानं काढतात आणि भट्टीत लावतात, तू पण तसंच कर. पण इतक्या वेळा मजूर कुठून आणू? आणि थांबलो तर खालची पानं वाया जातील का ही धास्ती.

अजून एक, परवा सकाळी दवातच फुटवे काढत होतो, शर्ट सगळा भिजला, दुपारी गरगरलं आणि दोनदा उलटी झाली. तंबाखूमुळंच का?

उत्तर:
भाऊ, आधी तब्येतीचं. हो, ओल्या पानातलं निकोटीन कातडीतनं अंगात जातं. दव उडाल्याशिवाय शेतात उतरू नका, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, भिजलात तर लगेच कपडे बदलून अंग साबणानं धुवा. परत उलटी झाली तर डॉक्टरकडं जा, अंगावर काढू नका.

हुणसूरची ती सिगारेटची व्हर्जिनिया तंबाखू, भट्टीत रंग धरायला एकसारखी पिकलेली पानं लागतात म्हणून पान-पान काढतात. आपली बिडीची उन्हात वाळते, काकांचंच बरोबर. फक्त सगळं शेत एका दिवसात आडवं करू नका. जिथं वरच्या पानावर पण पिकल्याचे ठिपके दिसतायत तो पट्टा आधी कापा, बाकीचा आठवडाभर राहू द्या. कच्चं पान वाळलं तरी हिरवंच राहतं आणि व्यापारी तिथंच दर पाडतो. कापलेली झाडं पसरूनच ठेवा, हिरवा ढीग घातला की आतून तापतो आणि पान काळं पडतं.

प्रश्नकर्ता:
लय उपकार झाले दादा. विहिरीकडचा पट्टा पिकण्यात पुढं आहे, उद्या दव उडाल्यावर तिथनंच सुरू करतो. आबांना पण वाचून दाखवलं, ते म्हणाले वरचं पान मुडपून बघ, कटकन मोडलं तर पिकलं.