मदत हवी आहे: पिकअपच्या पुढच्या बाजूने खरखर, पण फक्त टू-हायमध्ये

नमस्कार मंडळी,

गाडी डबल कॅब डिझेल पिकअप, मॅन्युअल गिअर, पार्ट-टाइम फोर-व्हील. नॉब फिरवून टू-हाय (फक्त मागच्या चाकांना ताकद), फोर-हाय (चारही चाकांना), फोर-लो (चारही, पण संथ आणि जास्त जोराची). राहतो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, केरी गावाच्या वरच्या अंगाला. कुळागराकडे (नारळ-सुपारीच्या बागेकडे) जाणारा शेवटचा तुकडा कच्चा, लाल मातीचा, आणि मध्ये व्हाळ, म्हणजे ओढा. पावसात फोर-व्हीलशिवाय तिथून नारळाचं एक पोतंही बाहेर काढता येत नाही.

लक्षणं जमतील तितकी नेमकी लिहितो. डांबरी रस्त्यावर टू-हायमध्ये, ताशी ३० ते ५० किलोमीटरच्या दरम्यान, ड्रायव्हरच्या पायाखालून थोडं पुढे खरखर सुरू होते. लोखंडाचे दात एकमेकांवर घासावेत तशी. थोडा वेळ येते, आपोआप थांबते, खड्ड्यातून गेलं की परत सुरू. क्लच दाबून गाडी उतारावर नुसती सोडली तरी आवाज तसाच राहतो, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांशी त्याचा संबंध दिसत नाही, चाकांच्या वेगाशी आहे. ब्रेक लावून फरक नाही. चोर्ला घाटाच्या वळणांवर डावीकडे-उजवीकडे वळताना फरक नाही.

आणि मुख्य गोष्ट ही की चिखलात फोर-हाय टाकलं की आवाज पूर्ण बंद. परत टू-हायला आणलं की डॅशवरचा फोर-व्हीलचा दिवा विझायला हवा, तो बराच वेळ लुकलुकत राहतो. कधी विझतो, कधी नाही.

चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले, हवा बरोबर. कोरड्या डांबरावर फोर-हाय कधी वापरत नाही.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) गेली, अख्खी बदला. खाली वाकून कोणी पाहिलं नाही, ऑइलचा प्लग उघडला नाही. माझं मन हे घेत नाही. ट्रान्सफर केसची चेन ताणली असती तर ती फोर-व्हीलमध्ये, भार पडल्यावर दात सोडून धाडधाड वाजली असती ना? इथे तर फोर-व्हीलमध्येच गाडी शांत आहे. एवढ्या खर्चाचा भाग बदलून आवाज तसाच राहिला तर काय करायचं?

गावच्या मेस्त्रीने पुढच्या डिफरन्शियलचा (दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याचा) लेव्हल प्लग उघडून दाखवला. ऑइल दुधाळ झालंय, म्हणजे व्हाळाचं पाणी आत शिरलंय. पण पाण्यामुळे आवाज आला असता तर तो फोर-हायमध्ये गेला का असता, हे मला कळत नाही.

काहीही बदलण्याआधी आवाज नक्की कुठून येतो हे घरच्या घरी, मेस्त्रीच्या मदतीने कसं शोधावं? तपासण्यांचा क्रम काय ठेवावा? आणि तोवर गाडी टू-हायमध्ये चालवली तर आतलं काही तुटेल का? चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या छताचं) सामान साखळीच्या बाजारात न्यायचं आहे, नाहीतर गाडी सरळ उभी करून ठेवली असती.

जाणकारांनी कृपया सांगावं.

फोंड्याचा फिटर

भाई, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की अर्धं काम झालं. तुमची शंका रास्त आहे. ट्रान्सफर केसला हात लावू देऊ नका.

अशा बऱ्याच गाड्यांत पुढच्या ॲक्सलच्या एका बाजूला एक सरकणारी स्लीव्ह असते. फोर-व्हील टाकलं की ती ॲक्सलचे दोन तुकडे जोडते, टू-हायमध्ये सोडते. ती सरकवण्यासाठी डायफ्रॅमचा डबा असतो, त्याला व्हॅक्यूमच्या (हवा ओढणाऱ्या) दोन नळ्या येतात. एक जोडायला, एक सोडायला. सोडणारी नळी फुटली किंवा सैल झाली की स्लीव्ह अर्ध्यात लटकते आणि दात दातांच्या टोकांवर घासतात. फोर-हायमध्ये ती पूर्ण बसते, म्हणून आवाज जातो. लुकलुकणारा दिवा हेच सांगतोय की बदल पुरा झालेला नाही.

घरी करायची तपासणी सोपी आहे. सपाट जागी मागच्या चाकांना चिऱ्यांची उटी लावा, पुढची दोन्ही चाकं उचला, खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जायचं नाही, मेस्त्रीनेही नाही. नॉब टू-हायला, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद. आता एक पुढचं चाक हाताने फिरवा. दुसरं जागच्या जागी राहायला हवं. ते उलट्या दिशेने फिरायला लागलं किंवा आचके देऊ लागलं तर स्लीव्ह सुटलेली नाही.

मग चाकं खाली टेकवून इंजिन आयडलला ठेवा, डब्याच्या दोन्ही नळ्या काढा आणि टोकाला बोट लावून बघा. नॉब फिरवला की ओढ एका नळीतून दुसरीत जायला हवी. एकीत ओढच नसेल तर ती नळी सॉलेनॉइडपर्यंत (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत) हाताने चाचपत जा. इथल्या उन्हापावसात रबर तडकतं, आणि बागायतीत उभ्या गाडीच्या नळ्या उंदीर कुरतडतात, हे मी वारंवार पाहिलंय. दोन्हींत ओढ कमी असेल तर व्हॅक्यूम पंप बघा. ब्रेकचा बूस्टरही डिझेलला त्याच पंपावर चालतो, म्हणून ब्रेकचं पेडल कडक लागतंय का तेही सांगा.

तोवर फार फिरवू नका. प्रत्येक खरखरीला दातांच्या कडा झिजतात आणि तो चुरा डिफरन्शियलच्या ऑइलमध्ये जाऊ शकतो.

डिचोलीकर

वरच्या प्रतिसादाशी सहमत, तरी दोन स्वस्त गोष्टी आधी बघून टाका. ब्रेक डिस्कच्या मागे पातळ पत्रा असतो, त्यात जांभ्याचा खडा अडकला की असाच आवाज येतो. आणि चाक उचललेलंच आहे तर वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर बेअरिंग. पण बेअरिंगची गुणगुण वेगाबरोबर वाढत जाते आणि वळणावर बदलते, तुमच्याकडे तसं नाही. सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) असता तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट आली असती.

गॅरेजवाला तरीही हट्ट धरत असेल तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून पुढच्या डिफरन्शियलकडे जाणारा दांडा) सोडवून टू-हायमध्ये जरा चालवून बघा. शाफ्ट नसताना आवाज तसाच राहिला तर ट्रान्सफर केसच्या चेनला बोल लावायला जागा उरत नाही. मात्र काही गाड्यांत शाफ्ट काढला की तिथून ऑइल गळतं, ते आधी पाहा.

पेडण्याची भात्याण

मी दुधाळ ऑइलबद्दल लिहिते, कारण ते मागे पडेल आणि तेच पुढे महागात जाईल. लांबून आलेल्या गाडीचं डिफरन्शियल गरम असतं. ते थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. ब्रीदर (डिफरन्शियलची हवा आत-बाहेर जायचं तोंड) चिखलाने बुजलेला असला तर ती ओढ सीलच्या कडेने पाणी आत घेते. म्हणून नुसतं ऑइल बदलून भागत नाही, ब्रीदर साफ करा आणि त्याला लांब नळी जोडून टोक इंजिनच्या खोलीत उंच बांधा. व्हाळात शिरण्याआधी गाडी थोडी निवू द्या.

ऑइल पूर्ण काढा, नवीन भरा, थोडं चालवून परत काढा. पहिल्यांदा ऑइल काढलं तरी पाण्याचा अंश आतल्या अंगाला चिकटून राहतो. डिफरन्शियलला सहसा जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० लागतं, पण तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघूनच घ्या. ट्रान्सफर केसला काही गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरचं पातळ ऑइल असतं, तिथे हे जाड ऑइल ओतू नका. मागचं डिफरन्शियलही उघडून बघा, तेही त्याच पाण्यातून गेलंय. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असेल तर चालतं. तुकडे किंवा टोकदार कीस असेल तर आत बघावंच लागेल.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. चाक फिरवून बघितलं, दुसरं चाक आचके देत उलट फिरत होतं. सोडणारी नळी चेसिसच्या क्लॅम्पपाशी उभी चिरलेली सापडली. दोन्ही नळ्या नव्या घातल्या. दिवा आता लगेच विझतो आणि साखळीपर्यंत जाऊन आलो तरी खरखर नाही. ब्रेकचं पेडल व्यवस्थित आहे. ब्रीदर मातीने पूर्ण बुजलेला होता, त्याला नळी जोडून वर घेतला. पुढचं ऑइल दुसऱ्यांदा काढलं तेव्हा स्वच्छ निघालं, मागचं चांगलंच होतं.

पण पुढच्या चुंबकावर लेपाबरोबर बारीक टोकदार कीस आहे. दातांच्या कडा गेल्या असाव्यात, आणि व्हाळाच्या मधोमध स्लीव्ह सुटली तर काय, ही भीती मनातून जात नाही. चवथीनंतर ती काढून बघायची आहे. वाळपई, डिचोली किंवा म्हापशाच्या बाजूला पुढचा ॲक्सल खोलून नीट बसवणारा, आणि काढलेला भाग समोर ठेवून दाखवणारा मेस्त्री कोणाला माहीत आहे का? की चोर्ला चढून बेळगावलाच न्यावी? स्लीव्हबरोबर फोर्क (तिला सरकवणारा काटा) आणि सील बदलून घ्यावेत का, तेही सांगा.